बर्फावरच्या हॉकीलाही क्रीडापानावर जागा हवी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात डांबर मऊ पडणाऱ्या नागपुरात राहूनही मी बर्फावरच्या हॉकीचा, त्यातही टोरांटो मेपल लीफ्स या संघाचा, गेली अकरा वर्षे निस्सीम चाहता आहे. टोरांटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो. धरमपेठेतल्या घरी सगळे झोपलेले असताना वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे पाहूनच मी कामाला निघतो. या संघाने स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेचे विजेतेपद, शेवटचा जिंकला तो १९६७ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, आणि तरीही ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला की आशा नव्याने जागी होते. जिंकणाऱ्यालाच आपले म्हणणे मला कधी जमले नाही.

आपल्या क्रीडापानावर मात्र या खेळाचा निकाल क्वचितच दिसतो. १९८९ मध्ये रॉबिन बावा हे एनएचएलमध्ये खेळणारे भारतीय वंशाचे पहिले खेळाडू ठरले, आणि २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने बर्फावरच्या हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, हे किती वाचकांना ठाऊक असेल? एप्रिलमध्ये स्टॅनली चषकाच्या बाद फेऱ्या सुरू झाल्यावर रोजचा निकाल निदान दोन ओळींत छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, धरमपेठ, नागपूर