बाई, ते वाक्य तुम्ही राखलंत

आदरणीय बाई,

माझी देवचाराची, म्हणजे गोव्यातल्या गाव राखणाऱ्या भुताची, कथा यंदाच्या दिवाळी अंकासाठी स्वीकारली, आणि एकही शब्द न बदलता. काल कळवलं त्यांनी. फोनवर तुम्ही मला आभार मानू देत नाही, "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कथा ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोव्यात फोंड्याकडचं एक जुनं राजांगणाचं, मधे उघडा चौक असलेलं घर. नवरा गेल्यावर आत्या माहेरी येते आणि आपला वाटा मागते. त्या दिवसापासून रात्री माडीवर पावलं वाजू लागतात. काका म्हणतात, दिल्या घरची लेक परत आली म्हणून देवचार कोपलाय. गाऱ्हाणं घातलं जातं, रोट आणि विडी ठेवतात, नव्या वाहाणा वाहतात. पावलं थांबत नाहीत. आठ वर्षांचा पुतण्या भीतीने तापाने फणफणतो, आणि आत्या हक्क सोडल्याच्या कागदावर सही करते. पावलं बंद होतात. पुढे घर त्याच पुतण्याकडे येतं. म्हातारपणी तो हे सगळं मोठ्या भक्तिभावाने सांगतो: आमच्या देवचाराने आमचं घर राखलं.

कथेत त्याचं एक वाक्य आहे. "देवचाराचा डावा पाय काकांसारखाच जरा ओढत पडायचा, म्हणून मला त्याची थोडी कमी भीती वाटायची."

ह्या वाक्याचे काय काय हाल झाले! एका संपादकांनी त्यापुढे "अर्थात ते काकाच होते" अशी ओळ स्वतःहून घातली. एका स्पर्धेच्या परीक्षकांना भूत शेवटपर्यंत दिसत नाही ह्याचीच खंत. एका शिबिरातल्या मार्गदर्शकांनी तर बजावलं की पुतण्याला शेवटी सत्य कळलंच पाहिजे, त्याने आत्याचे पाय धरले पाहिजेत. अहो, त्याला कळलं तर उरलं काय? ज्या भीतीने आत्याचा वाटा गेला, तीच हा माणूस जन्मभर देवाची कृपा म्हणून जपतो. वाचणाऱ्याला दिसतं, सांगणाऱ्याला दिसत नाही. सगळी कथा तेवढ्यावर उभी आहे. आणि आत्या सही का करते, हे ह्यातल्या एकानेही विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता आणि अजून गेलेला नाही.

मग ते कागद तुमच्याकडे आले. बाहेर पाऊस कोसळत होता. तुम्ही बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत बसून, लाल पेनाचं टोपण काढून, शाळेत वाचायचात तसं मोठ्याने वाचू लागलात. पहिल्या पानावर माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत. दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं. तुम्ही थांबलात, पुन्हा एकदा वाचलंत, आणि पेनाला टोपण लावून ते चष्म्याच्या डबीत ठेवून दिलंत. नंतरची पानं तुम्ही नुसत्या हाताने उलटलीत. बाई, मला इतकी वर्षं जे हवं होतं ते तेवढंच होतं. पुढे तुम्ही कोणाशी बोललात, कोणाला पत्र लिहिलंत, ते उपकार आहेतच. पण मला दिसतं ते टोपण.

शेवटी तुम्ही म्हणालात, "ही काकांना भिऊन सही करत नाही गं, पोराच्या तापाला भिऊन करते." आणि मग, "पण काकांना भूत हवंच कशाला होतं?" उत्तरही तुम्हीच दिलंत. पोर्तुगीजांची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. तिच्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. बापाने मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव, तिला हात लावता येत नाही. 1961 ला मुक्ती आली, हा नियम राहिला. जिथे लेकीला कागदावरून खोडता येत नाही, तिथे तिनेच सही करायला हवी. त्या सहीसाठी भूत. मीच लिहिलेली गोष्ट, पण तिचा हा सांधा तुम्ही दाखवलात. आमच्याकडे देवचार म्हणजे गावच्या शिवेचा राखणदार, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. त्याच्याच नावाने घरच्या लेकीला बाहेर काढलं, हे मला बोचत होतं म्हणून तर मी लिहायला बसले होते.

दुसऱ्याचं लिखाण हातात आलं की त्यात आपली एक ओळ घुसडावी असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. हात आवरणारी माणसं थोडी. तशी माणसं शाळेत, कचेरीत, घरात कुठेही भेटली की जीव निवांत होतो, कारण ती तुमची वस्तू तुमचीच ठेवतात. तुम्ही आम्हा मुलांच्या निबंधांशीसुद्धा असंच वागायचात. चूक खोडायचात, म्हणणं कधी खोडलं नाहीत.

अंकात आभार मानताना तुमचं नाव घालू नकोस म्हणालात. नाही घातलं, आणि इथेही घालत नाही. पण फोंड्यात तुमच्या हाताखाली शिकलेल्यांना लाल पेन म्हटल्यावर कळेलच, आणि त्यांचे फोन आले तर ते मात्र "बरं बरं" म्हणून ठेवू नका.

तुमची,
शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी