विश्वासू माणसाचाही हिशेब हवा

महोदय,

ठाणे-नवी मुंबईतील काही ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) दानपेटी एकच माणूस उघडतो आणि हिशेब मागितला की ‘विश्वास नाही का?’ असे ऐकावे लागते. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, दाखला याच्या अगदी उलट आहे. यहुदी याजक एज्राने यरुशलेमला निघताना मंदिरासाठीचे ६५० किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे व १०० किक्कार सोने याजकांना तोलून दिले. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ते मंदिरात पुन्हा तोलले गेले, संख्या आणि वजन लिहून ठेवले गेले (एज्रा ८). ती माणसे पवित्र मानलेली होती, तरीही! प्रेषित पौलानेही मंडळ्यांनी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. कोणी दोष लावू नये म्हणून सोबती घेतले (२ करिंथ ८).

मंदिराच्या दुरुस्तीत कारागिरांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, हे २ राजे १२ मधील वचन पुढे केले जाते. पण त्याआधी राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून ती रक्कम मोजत, हे सांगायचे राहून जाते.

पेटी नात्यात नसलेल्या दोघांनी सर्वांसमोर उघडावी, वहीत दोघांनी सह्या कराव्यात, बँक उघडताच पैसे भरावेत. रक्कम घरी राहिली की ‘तात्पुरती’ उचल तिथूनच सुरू होते.

– एक वाचक, ठाणे