बोट घ्यायची ठरवतेय, पण आधी इंजिनांचं ऐका

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बोटीचं सांगितलं आणि बाबा तुम्ही एकदम गप्पच झालात, आईने तर लगेच "होमस्टेचं कर्ज काय कमी आहे का" सुरू केलं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवते, दादाकडून वाचून घ्या.

बोट फायबरची आहे, देवबागच्या एका काकांची, डॉल्फिन दाखवायला आणि संगमावर पर्यटक न्यायचे ते. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा शेडमध्ये चढवली ती परत पाण्यात उतरलीच नाही, मुलगा गोव्यात नोकरीला आणि काकांना आता झेपत नाही. शेडमध्ये होती म्हणून मे 2021 च्या तौक्ते वादळात वाचली तरी. मागे दोन आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायची इंजिनं आहेत, 40 हॉर्सपॉवरचे, टू-स्ट्रोक. काका म्हणतात फार चाललीच नाहीत, नव्यासारखी आहेत. काका खोटं बोलत नाहीयेत, पण एवढी वर्षं बंद पडून राहिलेलं इंजिन चालत्या जुन्या इंजिनापेक्षा जास्त त्रास देतं, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा जन्म ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाजवळ गेला. फक्त ह्या पेट्रोलवाल्यांची दुखणी वेगळी आहेत म्हणून सांगते.

मालवणहून मेकॅनिक घेऊन गेलो होतो. काका हौसेने दोरी ओढून चालू करून दाखवायला निघाले तर मेकॅनिकने त्यांचा हातच धरला. बरोबर केलं त्याने. इतकी वर्षं बसून सिलिंडरच्या आतलं तेल उतरून गेलेलं असतं, खाऱ्या हवेने गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, तसंच फिरवलं की आत ओरखडे पडलेच समजा. त्याने प्लग काढले, भोकांतून तेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं. फिरलं! मी खरंच देवाला हात जोडले.

मग एकेक उघडत गेला. टाकीतल्या पेट्रोलला थिनरसारखा वास, कार्ब्युरेटरच्या तळाशी पिवळा चिकट थर, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, पूर्ण बुजलेले. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ना, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला जाऊन बसतात, आणि पाइप नेमकं तिथूनच खेचतो. पाण्याच्या पंपातला रबराचा इम्पेलर काढून माझ्या हातात दिला, त्याची सगळी पाती एका बाजूला वाकून तशीच राहिलेली, एक जरा सरळ करायला गेले तर चिरली. हा इम्पेलर समुद्राचं पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवतो, तो गेला की इंजिन तापून जाम. तो नवीनच टाकायचा, पेट्रोलच्या नळ्या, फिल्टर, प्लगही नवीन, थर्मोस्टॅटमागे मीठ साचलंय ते साफ करायचं. उजव्याचं गिअर ऑइल दुधाळ निघालं म्हणजे सील गेलंय, पाणी शिरतंय.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उजव्याचं दोन्ही सिलिंडरला सारखं आलं, डाव्याचं मात्र एकात 118 आणि दुसऱ्यात 90. साधारण दहा टक्क्यांच्या वर फरक नको म्हणतात. रिंगा सुटायचं औषध आत सोडून ठेवलंय, सुटल्या तर ठीक, नाहीतर ते इंजिन खोलावं लागणार.

सगळे सांगतात की दोन इंजिनं आहेत, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येशील. मला ते अजिबात पटत नाही. दोन्ही एकाच दिवशी बंद झाली, एकाच टाकीतलं पेट्रोल प्यायली, एकाच शेडमध्ये सडली, मग जे एकाचं होईल तेच दुसऱ्याचं, आणि कदाचित एकाच वेळी. कर्ली नदीच्या मुखाशी सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असताना, समोरून लाटा फुटत असताना दोन्ही बंद पडली तर? बोटीत लोकांची पोरं असणार बाबा. म्हणून प्रत्येक इंजिनाला वेगळी टाकी आणि वेगळा फिल्टर करून घेणार, त्यात तडजोड नाही.

आता पैशाचं. आई, नीट ऐक. मी काकांना स्पष्ट सांगितलं की मी फक्त होडीचे पैसे देणार, इंजिनांची किंमत शून्य धरणार, चालली तर माझं नशीब. होडी मात्र चांगली आहे. बाबांनी लहानपणी शिकवलं तशी लाकडाने ठोकत अख्खी फिरले, कुठे बद्द आवाज नाही, म्हणजे फायबर आतून सुटलेलं नाही. मागची फळी, जिच्यावर इंजिनं टांगतात, ती आतून प्लायची असते, पाणी मुरून सडते, म्हणून तुमच्या जावयांना इंजिनावर लोंबकळायला लावलं, जराही हलली नाही. काका जरा नाराज झाले, पण इंजिनांची दुरुस्ती किती आहे ते मेकॅनिकने त्यांच्यासमोरच सांगितलं तेव्हा मानले. अजून फक्त थोडा विसार दिलाय. मेरीटाइम बोर्डाचा सर्वे, लायसन्स, विमा, लाइफ जॅकेट हे सगळं झाल्याशिवाय एकही पर्यटक बसणार नाही.

ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटनाच्या बोटी तशाही बंद असतात, तोपर्यंत कामं उरकतील. नारळी पौर्णिमा झाली की खाडीत ट्रायल घ्यायची, आधी तासभर हळू, मागून पाण्याची धार नीट पडतेय का बघत, मग फुल्ल थ्रॉटल. उरलेले पैसे त्यानंतरच.

बाबा, त्या दिवशी तुम्ही हवेत. मेकॅनिक मीटर लावून बघेल पण तुम्ही इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सांगता ते मला पाहिजे, आणि तुम्ही नको म्हणालात तर मी विसार सोडून देईन, खरंच. दादाला ठाण्याहून तुतारी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढायला सांगा, कुडाळला आम्ही न्यायला येतो. आई, गुडघ्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या तरी आण, इथे त्या मिळत नाहीत.

तुमची,
बेबी