बावीसने भागू नकोस

फोंडा, १८ मे

प्रिय सिद्धेश,

नोकरी सोडलीस ते बरं की वाईट, यावर तुझ्या घरी पुरेशी चर्चा झाली असेल. आता तू स्वतःच्या जिवावर वेबसाइट करून देणार आहेस, तर मी फक्त दराचं लिहितो. म्हापशाच्या गेस्ट हाऊसला साइटच्या कामाचे तू दिवसाला ३,४०० रुपये सांगायच्या बेतात आहेस, आणि तो आकडा चुकलाय.

हिशेब कसा केलास ते दिसतंच आहे. घरी महिन्याला ७५,००० यायला हवेत, कामाचे दिवस बावीस, भागलंस. पण पगारी माणसाचा प्रत्येक दिवस आधीच विकलेला असतो, तुझा नाही. वर्षाच्या ३६५ मधून शनिवार-रविवार १०४ काढ. शिगमो, चवथ, दिवाळी, नाताळ वगैरे धरून १५. आजारपण आणि रजा २६. उरले २२०. त्यातले चाळीस टक्के कोटेशनं, भेटी, बिलं, वसुली, नवीन शिकणं आणि दोन कामांमधले रिकामे दिवस यांत जातात. विकायला राहतात १३० च्या आसपास.

आता खर्च. लॅपटॉप १,२०,००० चा, तीन वर्षं चालेल असं धरून वर्षाला ४०,०००. दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट २०,०००. एकच घेऊ नकोस. जूनमध्ये पहिल्याच वाऱ्यात झाड तारेवर पडलं की फायबरही जातो आणि वीजही. इन्व्हर्टरच्या बॅटरीला ५,०००, सॉफ्टवेअर आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) ३०,०००, सीए २०,०००, आरोग्य विमा २५,०००, पेट्रोल ३०,०००. झाले १,७०,०००. नोकरीत पीएफमध्ये मालकाचा वाटा पडायचा, तो आता तुलाच भरायचाय, म्हणून १,२०,००० बाजूला. बुडीत बिलांसाठी ६०,०००. घरचे ९,००,००० मिळवले की साडेबारा लाख. भागिले १३०, म्हणजे ९,६००. तू १०,००० सांग.

आणि ३,४०० ने काय होतं तेही बघ. १३० दिवसांचे ४,४२,०००, त्यातून नुसता १,७०,००० चा खर्च काढला तर महिन्याला बावीस-तेवीस हजार. त्यातून पीएफही नाही आणि बुडीतही नाही.

दराइतकंच ‘दिवस’ म्हणजे काय हे लिहून देणं महत्त्वाचं. सात तास काम, कमीत कमी अर्धा दिवस, तासाचा भाव नाही. फोनवरची चर्चा दिवसातच मोजायची. फोंड्याहून हणजूणला जाऊन यायचं तर अर्धा दिवस लावायचा, नाहीतर ‘जरा येऊन बघ रे’ म्हणून आठवड्यात तीनदा बोलावतील. रात्री दहाचा व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायचा.

सगळी कामं दिवसाच्या दरानं देऊ नकोस मात्र. जुनी वर्डप्रेस साइट हॅक झालीय, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) मधूनच अडकतो, आत काय निघेल सांगता येत नाही, अशी कामं दिवसावर घे आणि बिल दर आठवड्याला दे. गेस्ट हाऊससारखं आखीव काम ठरीव रकमेत द्यायचं, पण ती रक्कम दिवस मोजूनच काढायची. आठ खोल्यांची साइट घे. डिझाइन ३ दिवस, बांधणी ४, बुकिंग इंजिन (साइटवरच खोली आरक्षित करायची सोय) जोडणं दीड, मजकूर आणि फोटो २, मोबाइलवरची चाचणी आणि वेग दीड, डोमेन (साइटचा पत्ता) आणि ईमेल अर्धा, भेटी आणि मालकाला शिकवणं दीड. बेरीज १४. त्यावर पाव भाग वाढव, साडेसतरा. १,७५,०००.

तो पाव भाग कुठं जातो? बहुतेक वेळा त्या ‘अर्ध्या’ दिवसात. डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या खात्यात असतं आणि तो फोन उचलत नाही. म्हणून कोटेशनच्याही आधी विचार: डोमेन कुणाच्या नावावर, लॉगिन कुणाकडे? दुसरं म्हणजे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठं पोचवायचा याच्या नोंदी) नव्या ठिकाणी उतरवून घ्यायचे राहतात आणि हॉटेलचा ईमेल बंद पडतो. साइट झकास दिसत असते, बुकिंगच्या मेल मात्र कुठंच पोचत नाहीत, आणि हे मालकाला दोन दिवसांनी कळतं. बदलाआधी सगळे डीएनएस रेकॉर्ड (डोमेनच्या नोंदी) उतरवून ठेव, आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती सेकंद टिकते तो आकडा) ३०० वर आण, मगच हात लाव. उरलेला वेळ फोटोंची वाट बघण्यात जातो. मजकूर आणि फोटो द्यायची तारीख करारात घाल. ती हुकली तर काम मागं सरकेल आणि पुन्हा सुरू करायचा एक दिवस वेगळा लागेल, हेही लिही.

मालक म्हणेलच, भाचा २५,००० त करून देतो. भाव उतरवायचा नाही, काम कमी करायचं. बुकिंग इंजिन काढ, फोटोंचं त्यांच्याकडे दे, डिझाइन तयार थीमवर (साच्यावर) आण. आणि हे गणित मालकासमोर कागदावर मांड. खोली ४,००० ची, बुकिंग पोर्टलचं कमिशन १५ टक्के धरलं तर ६००. थेट बुकिंगला गेटवेचे दोनेक टक्के जातील, म्हणजे ८०. वाचले ५२०. साडेतीनशेच्या आत रात्री थेट विकल्या की साइटचे पैसे वसूल. आठ खोल्या, सहा महिन्यांचा सीझन, विकायला १,४४० रात्री आहेत. त्यांची चौथाईसुद्धा लागत नाही.

पैसे कधी मागायचे ते आपल्याकडे पावसावर अवलंबून. ऑगस्टमध्ये हॉटेलवाल्याकडे कोट्यवधींची जागा असते आणि खात्यात काही नसतं. मे महिन्यात गल्ला भरलेला असतो, तेव्हाच निम्मे घे. पाव ऑगस्टमध्ये, डिझाइन पास झाल्यावर. उरलेले साइट लाइव्ह करण्याआधी, सप्टेंबरात. तोवर साइट तुझ्या स्टेजिंगवरच (चाचणीच्या जागेवर) ठेव. पूर्ण रक्कम आल्यावर कोडचे हक्क त्यांचे, हे लेखी हवं. लेखी दिल्याशिवाय हक्क हस्तांतरित होत नाहीत. आणि वीस डिसेंबर ते दोन जानेवारी कुठल्याही चालू साइटला हात लावू नकोस. देखभालीचे महिन्याला दोन दिवस आगाऊ विकायचे, न वापरलेले पुढं जात नाहीत.

कराचं थोडक्यात, बाकी सीएला विचार. व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत जमेचा निम्मा भाग नफा धरतात. साडेबारा लाखांवर सव्वासहा. नव्या करपद्धतीतल्या १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्यावर कर उरत नाही. पण गिऱ्हाईक टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापत असेल तर व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के की तांत्रिक सेवा म्हणून २, हे बिलाआधीच ठरव. १० टक्के कापले तर सव्वा लाख रिफंड येईपर्यंत अडकतात. जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आणि बिलावर १८ टक्के. शॅक आणि रेस्टॉरंटवाले ५ टक्के जीएसटीत असतात, त्यांना क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तुझे १८ त्यांच्या अंगावरच पडतात. त्यांना दर सांगताना हे ध्यानात ठेव. जर्मनीतलं गिऱ्हाईक युरोत पैसे पाठवत असेल तर ती निर्यात. नोंदणी झाल्यावर एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) भरलंस की कर लावावा लागत नाही. मोरजीत राहणाऱ्या परदेशी माणसाला इथंच काम करून रुपयांत पैसे घेतलेस तर ती निर्यात नव्हे. ही चूक बरेच करतात.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आजच कर, फुकट आहे. मग लेखी ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या वर, आणि लेखी नसेल तर १५ दिवसांच्या वर, व्यवसाय करणाऱ्या गिऱ्हाइकाला तुझं बिल थकवणं महागात पडतं: व्याज लागतंच, शिवाय तो खर्च पैसे देईपर्यंत त्याला हिशेबात धरता येत नाही. आठवणीच्या मेलमध्ये एवढी एक ओळ घातली की त्यांचा अकाउंटंटच मालकाच्या मागं लागतो.

म्हापशाला कोटेशन पाठवण्याआधी मला टाक, दिवसांची बेरीज एकदा बघतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
प्रसाद