फाशी तिघांना झाली होती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी नौदलाच्या ‘सोमर्स’ या शिडाच्या जहाजावर १८४२ साली बंडाच्या कटाच्या आरोपावरून दिलेल्या फाशीविषयीचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे. परंतु सारा लेख युद्धमंत्र्यांचा १९ वर्षांचा मुलगा फिलिप स्पेन्सर याच्याभोवती फिरतो आणि उरलेल्यांची बोळवण ‘अन्य दोन खलाशी’ एवढ्यावर होते, याचा मला संताप आला. सारंगाचा मदतनीस सॅम्युअल क्रॉमवेल आणि खलाशी एलिशा स्मॉल अशी त्यांची नावे आहेत. स्पेन्सरने ग्रीक अक्षरांत लिहिलेल्या कटाच्या यादीत स्मॉलचे नाव तरी होते. क्रॉमवेलचे नव्हते, तो अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला आणि स्पेन्सरनेही तेच सांगितले.

शिस्तीसाठी कप्तान मॅकेन्झी यांना दुसरा मार्ग नव्हता, हे लेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. अधिकाऱ्यांनी साक्षी घेतल्या त्या आरोपींच्या गैरहजेरीत. १ डिसेंबरला तिघांना फासावर चढवले आणि ५ डिसेंबरला जहाज सेंट थॉमस बंदराला लागले. आधीच बेड्यांत असलेल्या माणसांना आणखी चार दिवस जिवंत ठेवता आले नसते काय? या प्रकरणानंतर १८४५ मध्ये अधिकाऱ्यांसाठी अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी निघाली, हे लेखात कौतुकाने येते. खलाशांच्या पाठीवरचे फटके मात्र १८५० पर्यंत चालूच राहिले, हे येत नाही.

मी देवगडचा, सारी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली. आमच्या जहाजावरील एका तरुण खलाशाला भर वादळात कमरेला दोर न बांधता डेकवर पाठवले आणि तो लाटेबरोबर गेला. चौकशी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये झाली. तो हुकूम कानांनी ऐकणाऱ्या आम्हा खलाशांपैकी एकालाही आत बोलावले नाही, आणि बेशिस्तीचा ठपका मृताच्याच माथी मारला गेला. वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या बातमीत ‘एक खलाशी’ असे छापून आले. त्याच्या आईने ते कात्रण माझ्यापुढे धरून, यात माझ्या मुलाचे नाव कुठे आहे, असे विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून क्रॉमवेल आणि स्मॉल यांची नावे पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावीत, अशी विनंती आहे. त्याच वेळी लेखासोबतचे चित्रही बदलावे. ‘सोमर्स’ हे दोन डोलकाठ्यांचे ब्रिग होते. आपण छापलेल्या जहाजाला तीन आहेत.