अडीच महिन्यांची त्रुटी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशात एमबीबीएस केलेल्यांना चाळणी हवीच, असं ठासून सांगणारा परवाचा आपल्या पानावरचा लेख वाचला. हातातला चहा निवला. पत्र त्याच दिवशी लिहिणार होतो, पण रागात लिहिलेला कागद एक रात्र टेबलाच्या खणात ठेवायची माझी नोकरीपासूनची सवय आहे. रात्र गेली, राग काही गेला नाही.

चाळणी हवी, हे मी आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे लेखकमहाशयांना तेच पुन्हा समजावण्याचा त्रास नको. माणसाची नाडी ज्याच्या हातात द्यायची त्याची परीक्षा घेतलीच पाहिजे. परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांची ही चाळणी परीक्षा, एफएमजीई, २००२ पासून चालू आहे. ३०० गुण, पास व्हायला १५०, आणि १४९ वाल्याला दयामाया नाही. माझ्या भाचीला पहिल्या वेळी १४३ पडले. आम्ही कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. पोरगी पुन्हा अभ्यासाला बसली आणि जुलै २०२४ च्या परीक्षेत १७१ घेऊन सुटली. घरी पेढे वाटले. तेव्हा परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. पेढे संपल्यानंतर जे सुरू झालं त्याबद्दल आहे, आणि आपल्या त्या दीड कॉलमात नेमकं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. प्रकरणावर 'त्रुटी' हा शब्द मी लाल शाईने किती वेळा लिहिला असेल याचा हिशोब चित्रगुप्ताकडेच असेल. त्यामुळे खरी त्रुटी कोणती आणि जेवणाची सुट्टी जवळ आली म्हणून काढलेली त्रुटी कोणती, हे मला खिडकीच्या बाहेर उभं राहूनही कळतं.

भाचीने रशियात सहा वर्षं काढली, २०१७ ते २०२३. कोविडच्या काळातही ती तिथेच हॉस्टेलवर होती. परीक्षा पास झाल्यावर डॉक्टर म्हणून नोंदणी व्हावी लागते, त्यासाठी मुंबईतल्या एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, पोरीचं काम अजून त्यांच्याच हातात आहे) तिला घेऊन मी तीनदा गेलो. रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटीच्या नळावर तोंड धुवायचं आणि दहाच्या आधी रांगेत. पहिल्या वेळी त्रुटी निघाली नावाची. पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव शेवटी. "ही मुलगी तीच कशावरून?" मी दहावीचं मार्कलिस्ट पुढे केलं. आपल्या बोर्डातही आडनावच आधी लिहितात, साहेब! रशियन माणसाच्या नावातही बापाचं नाव असतं, त्यामुळे तिथल्या बाईंनी पोरीचं पूर्ण नाव एका दमात, न चुकता लिहून घेतलं होतं. रशियाला जे कळलं ते आमच्या मराठी माणसाला खिडकीच्या आतून कळेना. मग नोटरी, प्रतिज्ञापत्र, एक आठवडा.

दुसऱ्या वेळची त्रुटी तर मी माझ्या कारकिर्दीत काढली असती तर मला शालजोडी मिळाली असती. पोरगी २०१७ ला गेली तेव्हा परदेशी प्रवेशासाठी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचं पात्रता प्रमाणपत्र लागायचं. ते रीतसर काढलं होतं, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. ते म्हणाले, हे देणाऱ्या कार्यालयाकडून पडताळणी करून आणा. मेडिकल कौन्सिल सप्टेंबर २०२० मध्ये बंद होऊन तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आलं, हे त्या खिडकीत बसणाऱ्याला मी सांगायचं? सांगितलं. "मग दिल्लीला मेल करा." केला. पंधरा दिवस गेले. तिसऱ्या खेपेला दुसरेच गृहस्थ बसले होते. त्यांनी फोल्डर चाळला, पडताळणीचा कागद विचारलासुद्धा नाही आणि शिक्का मारला. म्हणजे ती त्रुटी कधी नव्हतीच!

(मधल्या काळात 'अपोस्टिल' झालंय का, असंही विचारून झालं. माझ्या बहिणीला वाटलं हे एखाद्या गोळीचं नाव आहे. पदवीवरचा तो परदेशी सरकारचा शिक्का असतो. तो होता.)

मग इंटर्नशिप. म्हणजे रुग्णालयात वर्षभर शिकाऊ डॉक्टर म्हणून काम. परदेशातून आलेल्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालयात जागांच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे जागेसाठी वाट. यादी लागली, हजर झाली ती १४ ऑक्टोबर २०२४ ला. बारा महिने कधी पुरे झाले हे तुमचा अंक टाकणारा पोरगाही बोटांवर सांगेल. १३ ऑक्टोबर २०२५. आणि पीजीला, म्हणजे निवासी डॉक्टर व्हायला, जी नीट-पीजी द्यावी लागते ती ३ ऑगस्ट २०२५ ला झाली. अट अशी की इंटर्नशिप ३१ जुलैपर्यंत संपलेली हवी. अडीच महिने कमी पडले. ते अडीच महिने कुठे गेले ते वर लिहिलंच आहे, एक आठवडा नोटरीत, पंधरा दिवस दिल्लीच्या मेलमध्ये, बाकीचे यादीत. पोरगी वॉर्डात रात्रपाळ्या करत होती, प्रसूती बघत होती, आणि तिच्याबरोबर त्याच वॉर्डात उभ्या असलेल्या, इथेच शिकलेल्या मुली परीक्षा देऊन आल्या. हिचं एक वर्ष गेलं. अभ्यास कमी पडला म्हणून गेलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

नियम म्हणजे नियम, असं कुणी म्हणेल. मीही ३१ वर्षं तेच म्हणत होतो. पण २०२३ ला हीच इंटर्नशिपची तारीख आधी ३१ मार्च होती, मग ३० जून झाली, मग ११ ऑगस्ट. ओरड मोठी झाली आणि तारीख सरकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पीजीच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! एकीकडे पेपरला बसला एवढ्यावर उमेदवार पात्र, आणि दुसरीकडे १७१ वाली पोरगी दारातच उभी, कारण तिच्या रजिस्टरला अजून अडीच महिन्यांच्या सह्या व्हायच्यात. लेखकमहाशयांना 'गुणवत्ता' या शब्दाचा फार सोस दिसतो, सात वेळा आलाय, मी मोजला. पुढच्या लेखात या शून्यावरही दोन ओळी लिहाव्यात.

आणि मिरजेच्या इतक्या जवळ राहून आपण हे लिहावं? मिरज वैद्यकनगरी झाली ती कुणामुळे? १८९४ ला तिथे मिशन हॉस्पिटल उभं करणारे डॉक्टर वॉनलेस कॅनडाचे. आज आले असते तर आधी त्यांचं आडनाव पुढे की मागे यावरच आठवडा गेला असता.

आता जरा कडू बोलतो. 'यांना परदेशात जायला कुणी सांगितलं?' असा एक कुत्सित सूर त्या लेखात आहे. सांगतो कुणी सांगितलं ते. देशातल्या खाजगी महाविद्यालयाच्या फीचा आकडा ऐकून माझे मेहुणे दोन दिवस जेवले नाहीत. तासगावला रस्त्याकडेची द्राक्षबाग होती, त्यातली तीस गुंठे विकली. आणि रशियाचा पत्ता त्यांना दाखवला तो संपादक महोदय, आपल्याच अंकाने. पान भरून रंगीत जाहिरात, 'डॉक्टर होण्याचं स्वप्न साकार करा', खाली सांगलीतल्या एका एजंटचा फोन नंबर. ते कात्रण बहिणीने अजून जपून ठेवलंय. नीटचा निकाल लागला की दरवर्षी अशी पानं येतात, यंदाही आली. पैसे घेऊन जाहिरात छापायची पहिल्या पानावर आणि शिकून आलेल्यांना उपदेश करायचा सहाव्या पानावर, हा कारभार आमच्या कचेरीतसुद्धा चालला नसता. निदान दोन वेगवेगळी टेबलं तरी लागली असती.

मागणी माझी फार मोठी नाही. परीक्षा पास झालेल्याचे कागद किती दिवसांत निकाली काढायचे ते खिडकीवर लिहून लावा. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदम, एकाच कागदावर, सहीनिशी काढा. आम्हाला वरून तसं परिपत्रकच होतं, पाळत नव्हतो ही गोष्ट वेगळी. आणि नोंदणीत गेलेले दिवस उमेदवाराच्या नव्हे, कार्यालयाच्या खाती धरून इंटर्नशिपच्या तारखेत तेवढी सूट द्या.

भाची सध्या घरी अभ्यास करते. परवाचा अंक तिच्या हाती पडू नये म्हणून मी तो रद्दीच्या तळाशी घातला होता. तिने तो मोबाईलवर आधीच वाचला होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त अव्वल कारकून)
विश्रामबाग, सांगली

ता. क. – मागच्या पावसाळ्यात शेरीनाल्याच्या पाण्याबद्दल पत्र पाठवलं होतं. ते आपण चार ओळींत छापलंत आणि त्यातून शेरीनालाच गाळलात. या वेळी जागेअभावी कात्री लावायचीच झाली तर वॉनलेस साहेबांना लावा, जाहिरातीच्या परिच्छेदाला नको.