ट्रिपमध्ये एक दिवस मोकळा ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.
कॉलेजच्या ट्रिपला सिंगापूरला गेलो होतो, त्यात एक दिवस मोकळा मिळाला आणि खरं शहर मला त्याच दिवशी दिसलं. सकाळी मर्लायनच्या (सिंहाचं डोकं, माशाचं धड) पुतळ्यापाशी फोटो, मग सरळ चायनाटाउनमधलं मॅक्सवेल फूड सेंटर, म्हणजे एका छताखाली खाण्याचे खूप सारे स्टॉल. चिकन राइसला ही लांब रांग, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली, आणि खाऊन झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तर तसा नियमच आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने पाणी, ड्रेनेजची सोय असलेल्या जागेत आणलं त्यातून अशी सेंटर्स झाली, आणि त्यांची ही खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही आली. बसच्या खिडकीतून हे कसं कळणार? ट्रिप आखणाऱ्यांनी असा एक दिवस ठेवाच ना प्लीज.
– एक विद्यार्थिनी